मराठी वेबसाइट, पीडीएफ, पोस्टर टाकताना या चुका टाळा, स्क्रीन रीडरवाल्यांनाही वाचता येऊ दे

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, जन्मापासून अंध आहे, बँकेत नोकरीला आहे. फोनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर तो वापरतो, त्याचा स्पीड त्याने इतका वाढवून ठेवलाय की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही, त्याला मात्र सगळं कळतं. मागच्या दिवाळीत मी केलेली एका वाचनालयाची वेबसाइट त्याला उघडायला दिली, स्पीड माझ्यासाठी कमी करून. फोन बोलायला लागला, "इमेज. इमेज. इमेज. लिंक, इथे क्लिक करा. इमेज." दादाने जरा वेळ बोट फिरवलं आणि विचारलं, "अगं, पण वाचनालय उघडतं किती वाजता?" वेळ, वर्गणी, सभासद व्हायला काय लागतं, सगळं मी त्या फोटोंमध्येच सुंदर फाँटमध्ये लिहून ठेवलं होतं.

मी छोट्या संस्थांच्या, शाळांच्या, पतसंस्थांच्या वेबसाइट करते. त्या दिवसापासून प्रत्येक काम आधी ऐकून बघते आणि ऐकल्यावर ज्या चुका सापडल्या, स्वतःच्याही आणि इतरांच्याही, त्याच इथे लिहितेय.

फोटोत लिहिलेलं कोणी वाचू शकत नाही

आपल्याकडे रक्तदान शिबिर असो, नोकरीची जाहिरात असो की लग्नाची पत्रिका, सगळं जेपीजीमध्ये. स्क्रीन रीडरसाठी ती नुसती एक इमेज. काही फोन हल्ली फोटोतली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतात, पण कॅलिग्राफीचा फाँट, मागे फुलांचं डिझाइन आणि वर मराठी, त्याच्या भरवशावर राहू नका. पोस्टर खुशाल टाका, पण त्यातली तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर खाली साध्या मजकुरात परत टाइप करा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर कॅप्शन हाच उपाय आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि वेबसाइटवर ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे फोटोचं वर्णन लिहायची, जागा असते, तिथे "फोटो" किंवा "बॅनर १" लिहून उपयोग नाही. "वाचनालयाची इमारत" पेक्षा "वाचनालयाचं दार, तीन पायऱ्या, डाव्या बाजूला रॅम्प" हे व्हीलचेअरवर येणाऱ्यालाही कामाचं आहे. फोटो नुसता शोभेचा असेल, कोपऱ्यातली वेलबुट्टी वगैरे, तर ऑल्ट रिकामं ठेवायचं, काढून टाकायचं नाही, कारण अजिबातच नसेल तर बऱ्याचदा फाइलचं लांबलचक नाव वाचलं जातं.

पीडीएफमधले जुने फाँट

हा खास आपला त्रास आहे आणि मला वाटतं सगळ्यात मोठा. डीटीपीवाल्यांकडून आलेली फाइल श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फाँटमधली असते, म्हणजे डोळ्यांना मराठी दिसतं पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. स्क्रीन रीडर कपडे बघत नाही, आतलं वाचतो. त्यामुळे स्कॉलरशिपच्या सूचनेऐवजी दादाला पाच मिनिटं स्लॅश, डॉलर, कंस असलं काहीतरी ऐकावं लागतं.

ओळखायचं कसं? पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. अगम्य काहीतरी आलं तर अंध माणसाला तेच ऐकू येतंय. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं असतात त्या प्रकारात, कन्व्हर्ट करून घ्या, कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण नंतर एकदा प्रूफ वाचाच, रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसते. काहीच सिलेक्ट होत नसेल तर ती स्कॅन केलेली पीडीएफ आहे, म्हणजे परत फोटोच. ती गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटा होऊन मिळतो, मग तपासून घ्यायचा. वर्डमधून पीडीएफ करताना प्रिंट करून करू नका, सेव्ह अ‍ॅज वापरा, प्रिंटमध्ये हेडिंग-बिडिंग सगळं उडून जातं. खरं सांगायचं तर सूचना साध्या वेबपेजवरच टाइप करून टाकलेली बरी, पीडीएफ सोबत ठेवा हवी तर.

विसर्गाच्या जागी कोलन

ही चूक मला दादाने दाखवेपर्यंत माहीतच नव्हती. आरोग्य शिबिराच्या पोस्टमध्ये "नि:शुल्क तपासणी" लिहिलं होतं, बघायला एकदम बरोबर, पण टाइप करणाऱ्याने विसर्गाऐवजी कोलन दाबला होता. त्याच्या फोनने वाचलं, "नि", थांबला, "शुल्क तपासणी". फुकट शिबिर ऐकणाऱ्यासाठी पैशांचं झालं! कीबोर्डवर विसर्गाची वेगळी की असते, अनुस्वाराच्या आसपास सापडते, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून मायनसची की. दुःख, स्वतः, अंतःकरण, सगळीकडे तीच वापरा.

तसंच शीर्षक छान दिसावं म्हणून "स ह ल" असं अक्षरांमध्ये स्पेस देऊन लिहितात, मग एकेक अक्षर सुटं वाचलं जातं. आणि ओळीच्या शेवटी नमस्काराचे दहा इमोजी टाकलेत तर ते एकापाठोपाठ एक ऐकू येऊ शकतात, एक पुरे.

पेजची भाषा सांगितलेलीच नाही

वेबसाइट मराठी, पण टेम्प्लेट बाहेरून आणलेलं, त्यामुळे एचटीएमएलमध्ये, म्हणजे पेजच्या कोडमध्ये, भाषा सांगणारं लँग "ईएन" (en, इंग्रजी) तसंच राहतं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरी एकतर गाळतो नाहीतर वाट्टेल तसं वाचतो. तिथे "एमआर" (mr, मराठी) करा. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये जनरलला जाऊन साइटची भाषा मराठी करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. हिंदी ठेवून चालेल असं समजू नका, आपले उच्चार तिथे बिघडतात.

हेडिंग, लिंक आणि फॉर्म

अक्षर बोल्ड आणि मोठं केलं म्हणजे हेडिंग होत नाही. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारे लोक एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतात, जसं आपण पेपर चाळतो तसंच. हेडिंगची स्टाइल दिलेलीच नसेल तर बिचाऱ्यांना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकत बसावं लागतं. लिंकचंही तेच, लिंकांची यादी काढली आणि आठ वेळा "इथे क्लिक करा" आलं तर कुठे क्लिक करायचं? "सभासद अर्ज डाउनलोड करा" असं लिहा.

फॉर्ममध्ये चौकटीच्या आत फिकट अक्षरात "नाव" लिहून ठेवतात, टाइप करायला लागलं की ते गायब, आणि चौकटीला खरं लेबल नसल्यामुळे बऱ्याचदा नुसतं "एडिट बॉक्स" ऐकू येतं. चूक झाली तर चौकट लाल करतात, पण लाल झालेली ऐकणाऱ्याला कळणार कशी? "मोबाइल नंबर १० आकडी हवा" असं शब्दात लिहा. फोटोतली वाकडी अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा लावला तर बाकी सगळं नीट करूनही दार बंदच.

हे नुसतं सौजन्य राहिलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि डिजिटल माहिती सगळ्यांना वापरता यावी असं त्यात सांगितलंय. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला आणि ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सोपं करायला २० सूचना दिल्या. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध व्यक्ती कोर्टात गेली होती, कारण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणणारं केवायसी त्यांना जमूच शकत नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्या कोणाच्या तरी डोक्यात एवढं आलं असतं तर त्यांना एवढ्या लांब जावं लागलं नसतं.

रंग आणि रील

पांढऱ्यावर केशरी अक्षरं आपल्या सगळ्यांना आवडतात. पण वेबवर नेहमी वापरतात तो केशरी, एफएफ९९३३, पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, जेमतेम २.१ देतो आणि डब्ल्यूसीएजी या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे साध्या मजकुराला निदान ४.५ लागतो, मोठ्या अक्षरांना ३. म्हणजे मोठं हेडिंगसुद्धा नापास. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना ते खरोखर दिसत नाही. केशरी मागे ठेवा आणि अक्षरं काळी करा.

उकडीच्या मोदकांची रील आणि त्यात नुसतं म्युझिक, कृती सगळी स्क्रीनवर लिहिलेली, अंध माणसाला फक्त गाणं मिळालं. उलट नुसतंच बोललात आणि कॅप्शन नाही तर कर्णबधिर माणसाला काहीच मिळालं नाही. बोला आणि लिहा, दोन्ही करा.

प्लगिनवर विसंबू नका

"एक लाइन टाका, साइट अ‍ॅक्सेसिबल" म्हणणारे प्लगिन मिळतात. अक्षर मोठं-लहान करायचं बटण येतं, पण फोटोतली वेळ, चुकीचं लेबल, जुना फाँट तसाच राहतो. ते पैसे वाचवा आणि ऐकून बघा. एनव्हीडीए फुकट आहे, सोबत येणारा ईस्पीकचा आवाज यांत्रिक वाटतो पण मराठी वाचतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक आहे. मराठी वाचतच नसेल तर टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज डाउनलोड करून घ्या. चालू केल्यावर एकदा टॅप केलं की नुसतं वाचतो आणि दोनदा टॅप केलं की उघडतो, स्क्रोल दोन बोटांनी, हे माहीत नसल्यामुळे लोक घाबरतात. म्हणून आधी त्याच पानावर शॉर्टकट चालू करून ठेवा, मग दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीनेक सेकंद धरली की टॉकबॅक बंद होतो. आणि मग डोळे मिटून आपल्याच पेजवर एक गोष्ट शोधा, उघडायची वेळ.