कारचा हप्ता झेपेनासा झाला, तर कर्जातून बाहेर कसे पडावे

कारकर्जाचा हप्ता आता झेपणार नाही हे कळणे आणि पहिला हप्ता प्रत्यक्ष चुकणे यांच्यामध्ये थोडा काळ मिळतो, आणि कर्जदाराची बाजू सर्वांत भक्कम असते ती त्याच काळात. मुंबईत हप्त्याच्या जोडीला सोसायटीचे पार्किंग शुल्क, विमा आणि इंधन यांचा महिन्याचा आकडा एकदा कागदावर मांडला, की गाडी ठेवावी की विकावी याचे उत्तर बहुतेकदा तिथेच मिळते.

या विषयावर इंटरनेटवर शोधताना ब्रिटनमधील सल्ला हमखास समोर येतो. तेथे हायर पर्चेस करारात, म्हणजे सर्व हप्ते फिटेपर्यंत गाडी वित्त कंपनीच्याच मालकीची राहते अशा करारात, एकूण देय रकमेपैकी निम्मी रक्कम भरली, की गाडी परत करून मोकळे होण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. आपल्याकडच्या कारकर्जाला तो लागू नाही. येथे गाडी आपल्या नावावर असते, आरसीवर बँकेच्या हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची, नोंद असते, आणि चावी बँकेच्या स्वाधीन केल्याने कर्ज संपत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे बँकेकडून किंवा वित्त कंपनीकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज आजच मिटवायचे तर किती भरावे लागेल याचा हिशेब, लेखी मागवणे. त्यात उरलेले मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी स्वतंत्रपणे दाखवलेले असावे. १ जानेवारी २०२६ पासून व्यक्तींना मंजूर झालेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर, ती व्यवसायासाठी नसतील तर, रिझर्व्ह बँकेने हे शुल्क बंद केले आहे. मात्र बरीचशी कारकर्जे स्थिर दराची असतात, त्यामुळे आपला करार उघडून दर कोणता आहे ते पाहावे.

समजा, मुद्दल ५,४०,००० रुपये उरले आहे आणि शुल्क ५ टक्के आहे. शुल्काचे २७,००० आणि जीएसटीचे ४,८६० रुपये धरून, चालू महिन्याचे व्याज सोडता, ५,७१,८६० रुपये लागतील. गाडीला बाजारात ५,२०,००० रुपये येत असतील, तर तूट ५१,८६० रुपयांची आहे. ही तूट आज बोचते खरी. पण एवढी रक्कम घरातून, मुदत ठेव मोडून किंवा ओळखीतून उभी करणे हे न परवडणारा हप्ता आणखी तीन वर्षे ओढत राहण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. गाडीचे मोल ठरवताना एकाच डीलरच्या आकड्यावर विसंबू नये. निदान तीन ठिकाणचे भाव घ्यावेत आणि थेट ग्राहकही शोधावा.

कर्ज चालू असलेली गाडी विकता येते, परंतु बँकेला कळवून. खरेदीदाराने कर्जाइतकी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, वरची रक्कम असल्यास ती आपल्याला द्यावी, आणि हे सारे तिघांच्या लेखी समजुतीने व्हावे. कर्ज मिटल्यावर बँक एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि फॉर्म ३५ देते. त्यांच्या आधारे आरसीवरची हायपोथिकेशनची नोंद काढली जाते. एनओसीला मुदत असते, म्हणून ती कपाटात पडू देऊ नये. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात, आणि राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने ही माहिती १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते. ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवली, ज्या आरटीओत आपली नोंदणी असेल तेथे जाण्याआधी गाडीवरची थकलेली ई-चलने भरून टाकावीत, कारण काम नेमके तिथेच अडते.

एक मार्ग मात्र पूर्णपणे टाळावा: शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून गाडी दुसऱ्याला देणे आणि ‘पुढचे हप्ते तुम्ही भरा’ असे ठरवणे. त्याने हप्ते थकवले तर बँक आपल्याकडेच येते. अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय बँकेच्या संमतीविना गाडी देणे हा कराराचा भंग असतोच.

अडचण तात्पुरती असेल, म्हणजे नोकरी गेली आहे पण दुसरी दिसते आहे, तर विक्रीआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी विनंती करून पाहावी. एकूण व्याज वाढते, आणि अशा पुनर्रचनेची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, होऊ शकते.

हप्ता थकलाच, तर गप्प राहू नये. धनादेश न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ आणि खात्यातून आपोआप होणारी वजावट परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ लागू होऊ शकते; नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे बुडीत होऊ शकणारे कर्ज, ठरते. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही, आणि गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कठोर शब्दांत फटकारले आहे. दमदाटी झाल्यास तारीख-वेळेसह बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते.

गाडी स्वतःहून बँकेला देणे हा शेवटचा पर्याय आहे. यार्डात लागलेली गाडी लिलावात बहुधा बाजारभावाहून कमी किमतीत जाते, आणि राहिलेली तूट कर्जदाराकडून, जामीनदार असल्यास त्याच्याकडूनही, मागितली जाते. तरीही तो घ्यावा लागला, तर ताबा देताना गाडीची स्थिती, किलोमीटर आणि आतील वस्तू यांची यादी सही-शिक्क्यासह घ्यावी आणि विक्रीपूर्वी रक्कम भरण्याची अखेरची संधी लेखी मागावी. बँक तडजोडीला तयार झाली, तर नेमकी रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काहीही देणे उरत नाही’ हे वाक्य पत्रात असल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि सिबिलवर खाते ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ दिसेल हे धरून चालावे.