पट्टी एका विंडोत, खातं दुसऱ्या: कोबोलमध्ये इव्हेंट सांभाळायची रीत

आमच्या लातूरच्या आडतीत सोयाबीनची आवक वाढली की मुनीमजी पट्टी (विकल्या मालाचा हिशेब) करता करता शेतकऱ्याचं खातं उघडतात, मागची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती ते बघतात आणि परत पट्टीवर येतात. दोन विंडो एकाच वेळी लागतातच. मी हे अ‍ॅक्यूकोबोलमध्ये (विंडो बनवता येणाऱ्या कोबोलच्या एका प्रकारात) केलं, त्यातलंच सांगतो.

पट्टी ही मुख्य विंडो, खातं फ्लोटिंग, म्हणजे तिच्यावर तरंगणारी वेगळी विंडो. फ्लोटिंग विंडो न सांगता मोडल उघडते, म्हणजे खातं मिटेपर्यंत पट्टीला हात लावता येत नाही. म्हणून उघडतानाच मोडलेस लिहा. आणि प्रत्येक विंडोचं हँडल (प्रोग्रामसाठी तिची ओळख) वेगळ्या नावाने जपून ठेवा. पुढचं सगळं त्यावरच चालतं.

वापरणाऱ्याने फुलीवर क्लिक केलं की अ‍ॅक्सेप्ट (माहिती भरून घेणारी आज्ञा) संपतो आणि सीआरटी स्टेटसमध्ये, म्हणजे ती का संपली ते सांगणाऱ्या जागेत, ९६ येतो. हा ९६ फक्त 'काहीतरी घडलं' एवढंच सांगतो. काय घडलं ते इव्हेंट टाइपमध्ये, आणि कुठल्या विंडोत घडलं ते इव्हेंट विंडो हँडलमध्ये.

हे दुसरं मी आधी बघतच नव्हतो. सीएमडी-क्लोज (फुली दाबल्याचा इव्हेंट) आला की पट्टी बंद, एवढंच लिहिलेलं. एका दुपारी मुनीमजींनी खात्याची फुली दाबली आणि बत्तीस कट्ट्यांची, हमाली-तोलाई लावून झालेली पट्टी गेली. शेतकरी समोर उभा होता, त्याला घरी जायची घाई होती. वजनं चिठ्ठीवरून पुन्हा घालावी लागली. ते मला फार लागलं.

तेव्हापासून क्रम असा: आधी हँडल, मग टाइप. सीएमडी-क्लोज खात्याचा असेल तर तेवढीच विंडो डिस्ट्रॉय करा, हँडल रिकामं करा, पट्टीच्या अ‍ॅक्सेप्टवर परत या. पट्टीचा असेल आणि एकही कट्टा भरलेला असेल, तर आधी मेसेज बॉक्समधून विचारा, आणि ठरीव बटण 'नाही' ठेवा. घाईत एंटर दाबला जातो.

दुसऱ्या विंडोवर क्लिक झालं तर सीएमडी-अ‍ॅक्टिव्हेट येतो. तिथं विंडो नुसती पुढे आणून भागत नाही, तिच्या अ‍ॅक्सेप्टवर जावं लागतं. पट्टीतला शेतकरी बदलला की उघडं खातंही बदला, नाहीतर एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीतून कापली जाईल. मी खात्याच्या विंडोच्या शीर्षकातच शेतकऱ्याचं नाव दाखवतो.

तपासताना अर्धी पट्टी भरून खातं उघडा, फुलीने बंद करा, आणि पट्टीतले कट्टे मोजा.