एनएफएलचा डी-लाईन कोच व्हायचंय? आधी काठीला बॉल बांधा

माझा भाचा अमेरिकेत ओहायोत शाळेच्या टीमकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो, डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेतला मधला गडी. परवा फोनवर म्हणाला मामा, माझी उंची काही वाढत नाही, कॉलेजवाले मला घेणार नाहीत, पण खेळ सोडायचा नाहीये, डी-लाईनचा, म्हणजे त्या पुढच्या रांगेचा, कोच व्हायचंय आणि तेही एनएफएलमध्ये, तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये. मागून ताई ओरडत होती, त्याला जरा समजाव म्हणून. मी काय डोंबल समजावणार, मीच पंधरा वर्षं रविवारी रात्र रात्र जागून ह्या मॅचेस बघतोय. तर हे त्याच्यासाठी, आणि असलंच खूळ डोक्यात असलेल्या बाकीच्यांसाठी.

आधी हिशोब. टीम्स ३२, प्रत्येकीत डी-लाईनचा मुख्य कोच एक, बऱ्याच ठिकाणी त्याच्या हाताखाली एक असिस्टंट. संपलं. एवढ्याच खुर्च्या, आणि एकही रिकामी नाही.

पण स्वतः एनएफएल खेळलेलं असायलाच पाहिजे असं अजिबात नाही. रॉड मॅरिनेली घ्या, व्हिएतनाम युद्धातून परत आलेला माणूस, एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही, कॅलिफोर्नियात शाळेच्या टीमपासून कोचिंग सुरू केलं, मग वीसेक वर्षं ह्या कॉलेजातून त्या कॉलेजात, आणि तेव्हा कुठे १९९६ ला टॅम्पा बे बकनियर्सने डी-लाईन हातात दिली. तिथे वॉरन सॅपसारखा राक्षस त्याच्या हाताखाली होता आणि २००२ च्या सीझनचा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, त्यांनी मारला. पुढे डेट्रॉइट लायन्सचा हेड कोच झाला आणि २००८ ला १६ पैकी १६ मॅच हरला! गेली नोकरी. पण पुढच्याच वर्षी शिकागो बेअर्सने बोलावलं, कशाला, तर परत डी-लाईन शिकवायला. हेड कोच म्हणून तोंडघशी पडलेल्या माणसाच्या हातातली कला कोणी काढून घेत नाही, हे मला फार आवडतं.

मग सुरुवात कुठून? शाळेतूनच. फुकट. तिथल्या शाळांमध्ये कोच बहुतेक वेळा मास्तरच असतात, त्यांना कायम हाताखाली माणूस हवा असतो. लोरी लोकस्ट बघा, चाळिशीत सेमी-प्रो खेळल्या, मग शाळेच्या टीमला शिकवलं, इनडोअर लीगमध्ये काम केलं, आणि २०१९ ला टॅम्पा बेच्या असिस्टंट डी-लाईन कोच झाल्या, सुपर बोलची अंगठीपण मिळवली. शाळेनंतरची पायरी कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्सची फी सुटते, वर हातखर्चाला थोडे पैसे, आणि बदल्यात तुम्ही व्हिडिओ कापायचे, समोरच्या टीमचे प्ले, म्हणजे ठरलेल्या चाली, कार्डांवर काढायचे, कोणाला एअरपोर्टवरून आणायचं, कॉफी आणायची. हमालीच आहे. पण ती कार्डं काढता काढताच खेळ डोक्यात बसतो, त्यामुळे तक्रार करायची नाही. एनएफएलमध्ये शिरलात तरी पहिली नोकरी साधारण क्वालिटी कंट्रोलची, नाव भारी, काम परत तेच.

आता शिकवायचं काय, खरी मजा इथे आहे. एक काठी घ्या, टोकाला बॉल बांधा, चार पोरांना खाली वाकवून लाईनवर बसवा. तुम्ही बाजूला गुडघ्यावर बसून काठी धरायची आणि समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा गडी, ओरडतो तसं जोरात 'हट! हट!' ओरडायचं, बॉल मात्र हलवायचा नाही, कारण खेळ बॉल हलल्यावरच सुरू होतो. नवीन पोरं हमखास उठतात, ऑफसाईड, म्हणजे वेळेआधी सुटल्याचा फाउल. परत बसवा. मग एकदा तोंडातून शब्द न काढता बॉल फक्त इंचभर सरकवा. जो पोरगा त्या क्षणी सुटला त्याला कळलं की कानाने नाही, डोळ्याने सुटायचं. डी-लाईनचं निम्मं काम त्या पहिल्या पावलात आहे, पाऊल लांब पडलं, पार्श्वभाग वर आला की समोरचा गार्ड, म्हणजे आक्रमणाच्या रांगेतला गडी, उचलून बाजूला ठेवतो.

उरलेलं निम्मं हातात. आतून हात घालायचे, अंगठे वर, समोरच्याचे हात झटकायचे. रिप, स्विम, बुल रश ही ह्या डावांची नावं आहेत, पण आपल्याकडे तालमीत जे बघितलंय ते आठवा, खाली राहायचं आणि हात आधी पोचवायचा. कुस्ती खेळलेला पोरगा दिसला की हे कोच लोक उगाच खूश होत नाहीत.

आकड्यांची भाषापण पाठ पाहिजे. समोरच्या आक्रमणाच्या रांगेत मधोमध सेंटर, त्याच्या बाजूला गार्ड, मग टॅकल, टोकाला टाईट एंड, आणि आपला गडी कोणासमोर उभा त्यावर आकडा. सेंटरच्या नाकासमोर उभा तो ०, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर ३, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर ५, आणि टाईट एंडच्याही बाहेर ९. मधल्या फटी म्हणजे गॅप, आतून बाहेर ए, बी, सी. जिम वॉशबर्न नावाच्या डी-लाईन कोचने एंड्सना, म्हणजे रांगेच्या टोकाच्या गड्यांना, पार ९ वर नेऊन सोडायचं प्रस्थ वाढवलं, त्याला वाईड नाईन म्हणतात. क्वार्टरबॅकच्या अंगावर सुसाट जाता येतं, पण मध्ये भगदाड पडतं आणि समोरचा रनर तिथून निघून जातो. फुकट काहीच नाही.

सीझनमध्ये आठवडा असा जातो की रविवारी मॅच, आणि सोमवारपर्यंत प्रत्येक पोराच्या प्रत्येक प्लेला मार्क द्यायचे. रिमोट हातात, एकच पाऊल मागेपुढे दहा वेळा बघायचं, पळता पळता ढिला पडला की 'लोफ' म्हणून खूण. मग ते कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या माणसाला तोंडावर सांगायचं, की बाबा इथे तू चाललास, पळाला नाहीस. हे जमत नसेल तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही.

नोकरी मिळते ओळखीवर, हे कडू आहे पण आहे. दरवर्षी साधारण जानेवारीअखेर अलाबामातल्या मोबाईल गावात सीनियर बोल, म्हणजे कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंची मॅच, असतो, प्रॅक्टिस बघायला सगळी लीग तिथे जमते आणि बेकार कोच हॉटेलच्या लॉबीत उभे असतात. मुळात अल्पसंख्याक समाजातल्या कोचेससाठी सुरू झालेली बिल वॉल्श फेलोशिप आहे, १९८७ पासून, त्यात एनएफएल टीमच्या कॅम्पमध्ये काम करायला मिळतं. अर्ज करत राहायचं.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सीझन संपला की हेड कोच जातो, त्याच्यामागे अख्खा स्टाफ जातो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. जिम टॉमसुलाने उमेदवारीत गाडीत झोपून दिवस काढले, पोटासाठी मिळेल ते काम केलं, युरोपातल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं घासली, २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत डी-लाईन मिळाली, २०१५ ला तिथेच हेड कोच, ५ जिंकल्या ११ हरल्या, एका वर्षात बाहेर. मग परत डी-लाईन, वॉशिंग्टनला.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, तासभर. काल ताईचा मेसेज आला, घरातल्या मॉपचा दांडा गायब आहे, तू ह्याला नक्की काय सांगितलंस?