दारात मोहोळ बसलं तर

रंगपंचमीच्या आगेमागे इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात कुणाच्या तरी झाडावर माश्यांचा घोस लटकतो आणि गल्लीभर ‘छत्ता, छत्ता’ अशी ओरड होते. (इंदूरकर मराठी माणूसही मोहोळ म्हणेल तर शपथ.) आमच्या डाळिंबावर तो बसला, तेव्हा शेजारच्या काकू झुरळांचा स्प्रे घेऊन धावत आल्या. आधी तो त्यांच्या हातून काढून घेतला.

पहिलं बघायचं ते हे, की माश्यांखाली मेणाचं पोळं आहे का? नुसताच घोस असेल तर तो वाटेतला मुक्काम. जुनी राणी कामकरी माश्यांना घेऊन निघालेली असते आणि काही जणी नवं घर शोधायला गेलेल्या असतात. राखायला ना मध, ना पिल्लं, त्यामुळे डिवचल्याशिवाय त्या सहसा चावत नाहीत. मुलांना आत घ्या आणि थांबा. बहुतेकदा एक-दोन दिवसांत आपणहून उठतात.

पोळं असेल तर माशी ओळखा. गच्चीच्या सज्जाखाली किंवा टाकीखाली उघड्यावर एकच मोठं पोळं, ते आग्या. याच्या वाटेला जाऊ नका. दगड नको, मशाल तर नकोच. आग्या मधपेटीत, म्हणजे माश्या पाळायच्या खोक्यात, राहत नाही, मोसम सरला की निघून जातो. अगदी दारावरच असेल तर जाणत्या मधपाळाला बोलवा. कुंपणातलं तळहाताएवढं पोळं फुलोरीचं, ते राहू द्या. पेटीत नांदते ती सातेरी. भिंतीच्या पोकळीत घर केलेलं असेल तर तेही मधपाळाचंच काम.

सातेरीचा लटकलेला घोस मात्र माहितगार सोबत असेल तर घेता येतो. फिकट रंगाचे अंगभर कपडे, जाळीची टोपी, हातमोजे. अत्तर लावू नका. पेटीत जुन्या पोळ्याचा तुकडा ठेवा, गवती चहाची पात चुरडून आत फिरवा. ऊन उतरल्यावर पेटी घोसाखाली धरून फांदीला एकच जोरदार हिसका द्या. झाकण लावा, दार उघडं ठेवा आणि बघत बसा. दारापाशी माश्या पोटाचं टोक वर करून पंख फडफडवू लागल्या की समजा, राणी आत आली. आमची राणी पहिल्यांदा बेचक्यातच राहिली आणि अर्ध्या तासात सगळा लवाजमा परत डाळिंबावर!

माशी चावलीच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा आणि दूर व्हा. नांगीचा वास पिकल्या केळ्यासारखा असतो, तोच बाकीच्यांना बोलावतो. ओठ सुजले, धाप लागली, तर थेट १०८.

अंधार पडल्यावर दार जाळीने बंद करून पेटी सावलीत, शांत जागी न्या आणि तिथे दार उघडा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. साखर-पाणी निम्मं-निम्मं करून ठेवा, त्यात काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. आठवडाभर पेटी उघडू नका. फार छेडलं की सातेरी पेटी सोडून जाते.