गावाची लोकसंख्या काढताना

आधी तालुका पक्का करा. सोलापूर जिल्ह्यात ११ आहेत. उत्तर आणि दक्षिण सोलापूर वेगवेगळे, इथेच गल्लत होते. मग २०११ च्या जनगणना पुस्तिकेत गावाचा सहा अंकी कोड शोधा. नावावर विसंबू नका, एकाच नावाची गावं भरपूर.

तिथला लोकसंख्येचा आकडा महसुली गावाचा (महसूल नोंदीतल्या गावाचा) असतो, ग्रामपंचायतीचा नव्हे. गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या सगळ्या गावांची बेरीज करा. वाड्या-वस्त्या मात्र पुन्हा मिळवू नका, त्या मूळ गावात धरलेल्याच असतात.

बेरीज तपासायला ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या बघा: लोकसंख्या १५०० पर्यंत असेल तर ७ सदस्य, ३००० पर्यंत ९, पुढे दर १५०० ला दोन वाढतात, ७५०० च्या वर १७. सरपंच थेट निवडून आलेला असेल तर तो यात मोजू नका.