रोमन प्रांतिक नाणी जमवताना या चुका टाळा

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील शहरांनी पाडलेली, बहुधा ग्रीक अक्षरे असलेली नाणी नव्या संग्राहकांना लवकर भुरळ घालतात आणि तितक्याच लवकर ते त्यांचा निकालही लावून मोकळे होतात. कुठे तांबूस झाक दिसली, की आत तांबे आणि वर चांदीचा मुलामा, म्हणजे हे त्या काळातले खोटे नाणे, असे ठरते. ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत जास्त नुकसानही तीच करते.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे टेट्राड्राक्म, म्हणजे चार द्राख्मांचे नाणे, पाहा. रोमन सम्राट निरोच्या काळात त्यात चांदी जेमतेम सहावा हिस्सा होती आणि बाकीचे बहुतेक तांबेच होते. पुढे वजन आणि चांदी दोन्ही घटत गेली आणि इ. स. 296च्या सुमारास, सम्राट डायोक्लीशनच्या काळात, ही नाणी बंद झाली तेव्हा ती जवळजवळ तांब्याचीच उरली होती. धातू टांकसाळीनेच हिणकस वापरला होता, त्यामुळे तांबूसपणा हा खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. शिवाय जमिनीत पडून राहिल्यावर पृष्ठभागावरचे तांबे आधी निघून जाते आणि वरचा थर आतल्यापेक्षा अधिक रुपेरी दिसू लागतो.

परिचयातल्या एका तरुणाने निरोच्या बाराव्या राज्यवर्षाचे, म्हणजे इ. स. 65-66चे, टेट्राड्राक्म घेतले होते. मागच्या बाजूला हत्तीच्या कातड्याचे शिरस्त्राण घातलेली अलेक्झांड्रिया नगरदेवता होती आणि राज्यवर्षाचा आकडा दाखवणारी अक्षरेही स्पष्ट होती. कुणीतरी मुलाम्याची शंका काढली म्हणून त्याने बारीक कानस घेऊन कड दोन ठिकाणी घासली. भिंगाखाली पाहिले तेव्हा खाचांमध्ये वरपासून खोलपर्यंत एकच फिकट तांबूस धातू होता आणि रंग कुठेही एकदम तुटलेला नव्हता. नाणे सोळा आणे अस्सल होते; मात्र कडेच्या त्या दोन चकाकत्या खाचा आता कायमच्या राहणार आहेत. आठवडाभर थांबून जाणकाराला दाखवण्याइतका धीर ज्याला नाही, त्याने कानस घरातच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खऱ्या मुलाम्याच्या नाण्यात चांदीचा पत्रा आणि आतला तांब्याचा गाभा यांच्यामधली सीमा धारदार असते. गाभा गंजून फुगला की पत्र्याला फोड येतात, ते फुटतात आणि त्या भेगांतून हिरवा गंज बाहेर येतो. मी नाण्यावरचा चेहरा पाहण्याआधी खिडकीच्या तिरप्या उजेडात, दहापट भिंगातून त्याची संपूर्ण कड फिरवून पाहतो, कारण मुलामा बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे. वजन कमी, अक्षरे बोथट आणि खोलगट भागात बुडबुड्यांचे खड्डे असलेले नाणे विक्रेता ‘प्राचीन बनावट’ म्हणून पुढे करतो आणि ग्राहक ते कौतुकाने घेतो. साच्यात ओतलेली खोटी नाणी त्या काळीही होती, इजिप्तमध्ये त्यांचे मातीचे साचेही सापडले आहेत. पण गेल्या महिन्यात ओतलेले नाणेही असेच दिसते. म्हणून प्राचीन बनावटीच्या दाव्याला अस्सल नाण्यापेक्षा जास्त पुरावा मागावा: गंज धातूत मुरलेला आहे की वरून चिकटवलेला, आणि नाणे कुठल्या जुन्या संग्रहातून आले याची नोंद आहे का. तोच ओरखडा आणि तीच वाकडी कड दुसऱ्या नाण्यावर दिसली, तर दोन्ही एकाच साच्यातली समजून सोडून द्यावीत.

अलेक्झांड्रियाच्या नाण्यांच्या कोऱ्या चकत्या ओतून मग ठशाने छापल्या जात, म्हणून कडेला उतार किंवा ओतकामाचा खुंट दिसला तरी नाणे ओतीव ठरत नाही. थ्रेस (आजचा बल्गेरिया आणि लगतचा भाग) आणि आशिया मायनर (आजचे तुर्की) इथल्या कांस्य नाण्यांच्या मध्यभागी असलेला लहान खळगा चकती तयार करतानाचा आहे, तो आधुनिक ड्रिलचा नव्हे.

कांस्य नाण्यांच्या एकाच प्रकारात वजनाचा मोठा फरक पडतो. केवळ काट्यावरून निकाल देऊ नये.

नाणे आपटून आवाज ऐकू नये. जुनी चांदी ठिसूळ झालेली असू शकते आणि तिचे तुकडे होतात.

चिंच, लिंबू आणि टूथपेस्ट नाण्यापासून दूर ठेवावीत. मी फक्त डिस्टिल्ड पाणी वापरतो, ते रोज बदलतो आणि माती सुटायला महिने लागले तरी थांबतो.