घर बांधताय? कॉन्ट्रॅक्टरचे १० टक्के मागं कसे ठेवायचे

सांगलीत विश्रामबागला आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा सगळा हिशोब चुकता केला, म्हटलं शुभकार्याआधी कुणाचं देणं नको. आठवड्यात सेंटरिंगवाला दारात, साहेब माझे ६५ हजार राहिलेत, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. त्याची वही बघितली मी, स्लॅबची तारीख, माणसांची हजेरी, घेतलेली उचल, सगळं लिहिलेलं. माणूस खरा होता पण द्यायला माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, अजून वाईट वाटतं.

पुतण्या टेक्सासला असतो, त्यानं सांगितलं की तिथं याला कायदाच आहे, प्रॉपर्टी कोडचं ५३ वं प्रकरण. मालकानं कामाच्या १० टक्के रक्कम राखून ठेवायची आणि काम पूर्ण झाल्यावर ३० दिवस सोडायची नाही. नाही ठेवली तर ज्याचे पैसे बुडाले तो सबकॉन्ट्रॅक्टर किंवा मालवाला वेळेत नोटीस देऊन तेवढ्या रकमेचा बोजा मिळकतीवर चढवू शकतो, मालकानं कॉन्ट्रॅक्टरला सगळं दिलेलं असलं तरी.

आपल्याकडं असा बोजा चढत नाही. सेंटरिंगवाल्याचा व्यवहार कॉन्ट्रॅक्टरशी, त्यानं त्याच्याकडंच मागायचं. म्हणून मागं ठेवायचं ते आपल्यालाच करारात लिहून घ्यावं लागतं आणि तेही पायाखुदाईच्या आधी, नंतर तोंडी अडवून धरलं तर तो उलट आपल्यावर दावा लावेल.

स्टॅम्पपेपरवर साधं लिहा, प्रत्येक बिलातून १० टक्के राखून ठेवायचे, कधी सोडायचे, कशापोटी कापायचे. समजा काम १८ लाखाचं, बिल ३ लाखाचं आलं तर २ लाख ७० हजार द्या, ३० हजार मागं. सहा बिलांत १ लाख ८० हजार साठतात. ते वेगळ्या खात्यात टाका, फर्निचरला वापरू नका, हे कळकळीनं सांगतोय कारण मोह होतोच. आणि पैसे बँकेतूनच द्या.

सोडताना दोन भाग करा. निम्मे पैसे, सगळं काम संपल्यावर ३० दिवसांनी, तेही गवंडी, सेंटरिंगवाला, फरशीवाला, प्लंबर, वाळू-सिमेंटवाला यांनी 'पैसे मिळाले' अशी सही दिल्यावर. कुणाचं राहिलं असेल तर त्याला थेट देऊन तेवढे कॉन्ट्रॅक्टरच्या रकमेतून वजा, हे वाक्य करारात हवंच, त्याशिवाय असं करता येत नाही.

उरलेले निम्मे एक पावसाळा गेल्यावर. घराची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्येच होते. त्याआधी टेरेसवर कडेनं बांध घालून दोन दिवस पाणी साठवा आणि खालून स्लॅबला ओल येते का बघा. फरशीवर नाणं वाजवत फिरा, बद्द आवाज आला की खाली पोकळ आहे, तिथं खडूनं फुली मारून फोटो काढा. दुरुस्तीला लेखी १५ दिवस द्या, नाही आला तर दुसऱ्याकडून करून घ्या, त्याचं बिल कापा आणि बाकीचे ठरल्या तारखेला देऊन टाका. काम चांगलं असताना पैसे लटकवू नका, त्याचंही घर त्यावर चालतं.

नुकसान राखलेल्या पैशापेक्षा जास्त असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, कॉन्ट्रॅक्टरला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच चालते. तिथं करार, बँकेच्या नोंदी आणि ते फुलीचे फोटो लागतील, एका फाईलला लावून ठेवा.